एक नंबरचा मान

॥ श्री वीतरागाय नमः ॥

सांगली
१८ सप्टेंबर १९७८

ती. अक्कास,
जिनदत्तचा शि. सा. न. वि. वि. साष्टांगातलं एखादं अंग कमी पडलं तर चालवून घे, कंबर धरली आहे.

काल क्षमावाणी झाली. वर्षभरात कळत-नकळत तुझं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. नकळत कशाला, तुझ्या मागच्या तीन पत्रांना उत्तर दिलं नाही, ते चांगलं कळूनसवरून. थकलो आहे, अक्का. दुसरं कारण नाही.

मी त्या थंडगार खोलीत नेमकं काय करतो, असं तू विचारलं होतंस. चार साखर कारखान्यांनी मिळून हे गणनकेंद्र काढलं तेव्हापासून मी इथला मुख्य ऑपरेटर. सभासदांच्या उसाची बिलं, कामगारांचे पगार, तोडणी मजुरांची मजुरी, सगळं कार्डांवर भोकं पाडून आमच्याकडे येतं. आमचा कॉम्प्युटर एका वेळी एकच काम घेतो. एक गठ्ठा घालायचा, टेप चढवायची, कागद छापून झाले की टेप उतरवायची आणि पुढचा गठ्ठा उचलायचा. हंगामात यातून जेवायलाही सुटका होत नाही.

आता कंपनीनं नवी ऑपरेटिंग सिस्टीम आणली आहे. मशीन तेच, त्याचा कारभारी तेवढा बदलायचा, असं समज. सगळे गठ्ठे सकाळीच आत घालून मोकळं व्हायचं. कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर, हे तो कारभारी प्रत्येक कामाला दिलेला आकडा बघून ठरवतो. ती सिस्टीम घ्यायची की नाही हे दसऱ्यानंतरच्या सभेत ठरेल, आणि अध्यक्ष लालासाहेब म्हणाले आहेत की जिनदत्त सांगेल तसं करू. गळीत सुरू झालं की मशीनला हात लावता येत नाही. म्हणजे आत्ता नाही तर वर्षभर नाही.

हो म्हणावं असं फार वाटतं. पण एक गोष्ट मी घरातही बोललेलो नाही. कुठला गठ्ठा आधी घालायचा हे आजवर कुणी मला सांगितलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. पहिल्या पंधरवड्याची बिलं काढायची वेळ आली की मी माणदेशातल्या तोडणी मजुरांचा गठ्ठा सगळ्यात आधी घालतो. मार्गशीर्ष प्रतिपदेला म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो. सहा महिने घराबाहेर राहणाऱ्या या माणसांना त्या एका दिवसासाठी गावी जायचं असतं. मजुरी हातात पडली तर जातात, नाही पडली तर उसाच्या फडातच राहतात. बागायतदाराला बिल चार दिवस उशिरा मिळालं तर त्याला पत्ताही लागत नाही.

नव्या कारभारात हे सगळं कागदावर लिहून सभेत मंजूर करून घ्यावं लागेल. सभेत सगळे बागायतदार. मजुरांना कोण पुढे जाऊ देईल? सुचत नाही. तू सांग.

माझ्या आळसानं तुझा लोभ आटू देऊ नकोस.
तुझा,
जिनदत्त


सातारा
२५ सप्टेंबर १९७८

चि. जिनदत्त यास अक्काचे पोटभर आशीर्वाद.

क्षमा केली. माझ्याकडूनही उत्तम क्षमा. तीन पत्रांना उत्तर नाही म्हणजे तू चैनीत असशील असं मी धरलं होतं. इकडे पाऊस अजून पाय काढत नाही. भिंतींना ओल, गुडघ्यांना कळ. अजिंक्यताऱ्यावरचं धुकं खिडकीतून पाहते आणि पुन्हा अंथरुणाला पाठ टेकते.

तू विचारलंस आणि मला माझा बोर्ड आठवला. माझी उभी हयात टेलिफोनच्या ट्रंक बोर्डापुढे गेली. आपल्या जिल्ह्यात घरटी एक माणूस पलटणीत. लढाईच्या साली बायका सकाळी कॉल लावून ऑफिसच्या ओट्यावर बसायच्या, पदराला भाकरी बांधून. साध्या कॉलची पाळी यायला संध्याकाळ व्हायची, आणि गुळाचे व्यापारी अर्जंटचा दर भरून मध्ये घुसायचे. मग त्यांचे कॉल जरा उशिरा लागायचे. लाइनीचा काय भरवसा असतो.

पुढे ऑटोमॅटिक आलं. जो तो आपला नंबर फिरवू लागला. सगळ्यांना बरं वाटलं, मलाही वाटलं. निरोपाचा नारळ घेऊन घरी आले तेव्हा ध्यानात आलं की माझी ती रीत कुठेच लिहिलेली नव्हती, माझ्या हातात होती तेवढीच. माझ्यामागे ती कुणी चालवली नाही.

म्हणून माझं ऐकशील तर नको म्हण. तुझ्या हातात आहे तोवर हातातच ठेव. कंबरेला निरगुडीच्या पाल्याचा शेक दे.

प्रभावतीला आशीर्वाद. तिच्या हातचं काही खायला नाताळात येईन म्हणते, गुडघ्यांनी परवानगी दिली तर.
तुझी,
अक्का


सांगली
१ ऑक्टोबर १९७८

ती. वन्संना,
प्रभावतीचा पदर सावरून नमस्कार.

मी कधी तुम्हांला वेगळं पत्र घालत नाही. हे घातल्याचं यांना कळू देऊ नका.

सूर्यास्तानंतर न जेवण्याचा यांचा नियम तुम्हांला माहीत आहे. हंगामात दुपारी मशीन सोडून उठता येत नाही, आणि घरी येतात तेव्हा दिवस मावळलेला असतो. मग पाणीसुद्धा दुसऱ्या दिवशी. नियम मोडा असं मी म्हणत नाही, तो माझाही आहे. गेल्या माघात हे कपाळाला खोक पाडून आले. मला सांगितलं की सायकलवरून पडलो. परवा यांच्या हाताखालच्या कृष्णातची बायको बाजारात भेटली. तिनं सहज विचारलं की साहेबांना पुन्हा चक्कर तर नाही ना आली. ते मशीनपाशी पडले होते, वन्सं. डोकं लोखंडी कपाटावर आपटलं होतं.

तुम्ही नको म्हण असं लिहिलंत. ते पत्र यांनी दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. तुमचा शब्द हे खाली पडू देत नाहीत. मजुरांबद्दल मला काही वाटत नाही असं समजू नका. पण रथ त्यांचा आहे, नवरा माझा आहे.

चुकलंमाकलं पोटात घाला.
तुमची,
प्रभावती


सातारा
५ ऑक्टोबर १९७८

चि. जिनदत्त यास आशीर्वाद, आणि एक धपाटा.

मागचं पत्र खिशातून काढ आणि चुलीत घाल. मी ते माझ्या आठवणींच्या नादात लिहिलं होतं. माझ्या बोर्डापायी मला कधी चक्कर आली नव्हती. सायकलवरून पडलास म्हणे. कुणी सांगितलं ते विचारायचं नाही, आणि घरात तोंड फुगवून बसायचं नाही. आईबापांच्या मागे मला तू एकटा आहेस.

हो म्हण. यंदा नको म्हणालास तरी पुढच्या वर्षी ती सिस्टीम येणारच, आणि तू अंथरुणाला खिळलेला असशील तर दुसरा कुणी आकडे लिहील. त्यापेक्षा तूच लिही. मजुरांचं नाव उघड्यावर, सगळ्यांसमक्ष, सर्वांच्या पुढे घाल. माझी रीत बोर्डाबरोबर गेली, तुझी कागदावर राहू दे. नाहीच म्हणाले तर आपण मागितलं होतं एवढं तरी राहील.

सभेला पोट भरून जा.
तुझी,
अक्का


सांगली
१६ ऑक्टोबर १९७८

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि. धपाटा पोचला, बरोबर जागी बसला.

शनिवारी सभा झाली. नवी सिस्टीम एकमतानं मंजूर. आता जे झालं ते नीट सांगतो, आणि तू न हसता वाच.

या सिस्टीमची एक तऱ्हा आहे. ज्या कामाचा आकडा मोठा, ते आधी. नऊ सर्वांत आधी, एक सर्वांत शेवटी. तसं पुस्तकात छापलं आहे, पण ते पुस्तक माझ्याशिवाय इथे कुणी उघडत नाही. तुझं ऐकून मी तक्ता केला. तोडणी मजूर नऊ, कामगारांचे पगार आठ, मग सभासदांची बिलं सातपासून खाली, आणि तळाशी गोदामातल्या पोत्यांचा हिशेब एक. तक्ता लालासाहेबांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला आणि त्यांच्या कानशिलाची शीर उडायला लागली. म्हणाले, बारदानाची पोती एक नंबरला आन् आमचा कारखाना सातवर, ही काय चेष्टा हाय का.

मी समजावून सांगायला उठलो. ते म्हणाले, तू खाली बस गड्या, तुला यंत्रातलं कळतंय, मानपानातलं न्हाई. पंगतीत पयलं पान आमचं, जत्रंत पयला नारळ आमचा, तवा हितंबी एक नंबर आमचाच. त्यावर दुसऱ्या कारखान्याचे अध्यक्ष अण्णाप्पा उठले, की धुराडं आमी आधी पेटवलंय, नंबर आमचा. चहा दोनदा गार झाला. शेवटी लालासाहेबांना एक, अण्णाप्पांना दोन, उरलेल्या दोघांना तीन आणि चार. कामगारांना आठ ठेवले. मजुरांचं काय, असं कुणी तरी विचारलं. लालासाहेब म्हणाले, त्यास्नी कसला मान आन् कसला अपमान, ऱ्हाऊ द्या तिकडं नवावर. ठराव झाला, सह्या झाल्या.

दुसऱ्यांदा मी उठलो नाही.

अक्का, असत्य बोलू नये असं व्रत आहे. मी तर काहीच बोललो नाही. जुन्या मशीनवर मी करत होतो तेव्हा मोडायला नियमच नव्हता. आता नियम आहे, त्यांनीच केलेला आहे, आणि मी तो अक्षरशः पाळणार आहे. तरीही मला चोरासारखं वाटतं. इतकं दमल्यावर माणसाला निदान झोप तरी यावी, तीही येत नाही. प्रभावती मात्र खुशीत आहे. हंगामात दिवसाउजेडी दोघं एकत्र जेवू, असं आत्तापासून शेजारणींना सांगत सुटली आहे.

रागावलीस तरी उत्तर धाड.
तुझा,
जिनदत्त


सातारा
२४ ऑक्टोबर १९७८

चि. जिनदत्त यास आशीर्वाद.

न हसता वाच म्हणालास, ते जमलं नाही. एकटीच इतकी हसले की शेजारची साळूबाई डोकावून गेली. म्हणाली, बरं हाय न्हवं, बाई. मी म्हटलं, बरं आहे, माझ्या भावानं लालासाहेबांना पंगतीत पहिलं पान दिलं आणि वाढायला सुरुवात दुसऱ्या टोकाकडून केली.

मग हसू ओसरलं. मी बोर्डावर जे केलं त्याचं मला वाईट वाटत नाही. पण ते मी कुणाला सांगितलं नाही, आणि आता सांगायचं म्हटलं तर त्यातले किती तरी व्यापारी हयात नाहीत. अशी गोष्ट म्हातारपणी एकटीला सांभाळत बसावी लागते. तुझ्या वाट्याला ते येऊ नये.

तेव्हा लालासाहेबांना सांग. पण आधी म्हसवडचा रथ निघू दे. आज सांगून तुझं मन हलकं होईल आणि मजुरांची वाट बंद होईल, तसलं खरं कुणाच्या कामाचं? रथ झाला की मात्र पुढच्या क्षमावाणीची वाट बघत बसू नकोस.

दिवाळीतला निर्वाणाचा लाडू माझ्या वाटणीचा प्रभावतीला दे. तू गोड कमी खा.
तुझी,
अक्का


सांगली
६ डिसेंबर १९७८

ती. अक्कास जिनदत्तचा शि. सा. न. वि. वि. आज आठही अंगं शाबूत आहेत.

उत्तराला उशीर झाला. नव्या सिस्टीमनं सुरुवातीला जीव खाल्ला. दोनदा अडून बसली, कंपनीचा माणूस पुण्याहून आला, सगळी कार्डं पुन्हा घालावी लागली. माझं उरलंसुरलं बळ त्यात गेलं. पण पहिल्या पंधरवड्याच्या बिलांना ती सुरळीत चालली. मी गठ्ठे घातले आणि हात बांधून उभा राहिलो. पहिला कागद बाहेर आला तो तोडणी मजुरांचा.

काल ज्योतिबा मुकादम खिडकीशी आला. माण तालुक्यातल्या तोडणीच्या टोळ्या त्याच्या हाताखाली असतात. सगळी माणसं रथाला जाऊन आली, असं सांगत होता. बायकांनी पोरांना झबली नेली, त्यानं स्वतः म्हाताऱ्या आईला खांद्यावर बसवून रथ दाखवला. रथावर उधळलेलं गुलालखोबरं त्यानं माझ्या ओंजळीत घातलं. त्यातले दोन तुकडे सोबत आहेत. पाकीट लाल झालं असलं तर घाबरू नकोस.

त्याच दुपारी मी लालासाहेबांकडे गेलो. नोकरी गेली असं धरूनच गेलो होतो. प्रभावतीला तसं सांगून निघालो तेव्हा ती दिवस मावळायच्या आत परत या एवढंच म्हणाली. लालासाहेब सोप्यात गरम पाण्यात पाय सोडून बसले होते. पाय सुजलेत, तेही थकलेत. मी बसलो नाही. मोठा आकडा आधी, एक नंबर म्हणजे सर्वांत शेवटी, मला ते ठाऊक होतं आणि मी सभेत दुसऱ्यांदा उठलो नाही, हे सगळं उभ्याउभ्या सांगितलं आणि हात जोडून क्षमा मागितली.

त्यांनी विचारलं की आमची बिलं निघाली कवा. मी म्हणालो, मजुरांच्या दुसऱ्या दिवशी. कुणाची तक्रार हाय का, असं विचारलं. मी म्हणालो, नाही. मग म्हणाले, मान मानाच्या जागी ऱ्हाऊ दे आन् पाळी पाळीच्या जागी, तक्त्याला हात लावू नको. अण्णाप्पास्नी तर बोलूच नको, एक नंबर मिळाला न्हाई म्हणून ते अजून झुरत्यात, झुरू दे तिकडं.

मी निघालो. दारापर्यंत पोचलो तेव्हा त्यांनी हाक मारून विचारलं की त्या जुन्या कारभारात, एवढी वर्षं, आमचा गठ्ठा कितवा घालत होतास. आता लपवायचंही त्राण नव्हतं, अक्का. मी सांगितलं, शेवटचा. त्यांनी एक एक पाय पाण्यातून वर काढला, पंच्यानं पुसला, आणि म्हणाले, म्हंजी एक नंबरचा मान पयल्यापास्नं आमचाच व्हता की रं.

घरी पोचलो तेव्हा अंगणात अजून ऊन होतं. प्रभावतीनं दोन पानं मांडली होती. जेवलो, आणि तिथेच भिंतीला टेकून झोपलो.

नाताळात ये. लोभ पत्रानं पुरत नाही.
तुझा,
जिनदत्त