पाटावर बसवलेली पोर

बाई, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आणि आज मला तुमच्याशी भांडायचंय. तुम्ही होतात तोवर तुमच्यासमोर माझं तोंड कधी उघडलं नाही. तुम्ही अंगणवाडीच्या सेविका, मी मदतनीस. तुम्ही सांगायचं आणि मी "हो बाई" म्हणत खिचडीचा टोप चुलीवर चढवायचा. आता तुमच्याच त्या डुगडुगणाऱ्या खुर्चीत मी बसते, गावातली माणसं मला ताई म्हणतात, आणि आज मी बोलणार आहे. माझी पोर बहिरी आहे हे तुम्हाला माहीत होतं. तीन वर्षं माहीत होतं. आणि तुम्ही मला, तिच्या आईला, दहा पावलांवर भांडी घासत बसलेल्या बाईला, ते सांगितलं नाहीत.

तुम्हाला कळलं नसेल असं मला म्हणताही येत नाही, तीच तर पंचाईत आहे. दुसरी कोणी असती तर म्हटलं असतं, जाऊ दे, दिसलं नसेल बिचारीला. पण तुम्हाला दिसलं नाही असं कधी झालंय का हो? मुख्यसेविका अचानक तपासणीला यायच्या तर तुम्ही भिंतीला टेकून बिरड्याचे वाल सोलत बसलेल्या. त्यांच्या कपाळाला आठ्या. पोरं मोकाट, बाई वाल सोलतायत! त्या गेल्यावर तुम्ही मला म्हणायचात, "पोरांना वाटलं पायजे, बाईचं ध्यान न्हाय. मग ती खरी खेळतात. समोर वही धरून बसलीस की पोर तुझ्याकडं बघंल, खेळाकडं न्हाय." आणि वाल संपेपर्यंत तुम्हाला अठरा पोरांची अठरा गाऱ्हाणी ठाऊक झालेली असायची. कोण उजव्या पायावर भार देत नाही, कोण बाहुलीला भरवताना तिच्या तोंडाशी घास नेतं आणि कोण नुसतीच आपटतं, कोणाला घरी मार बसतो.

पहिल्याच वर्षी मी तुमचा ओरडा खाल्ला तो दिवस मला आजही दिसतो. विकासाचा तक्ता भरायचा होता, तुम्ही म्हणालात, बघू तू भर. मी एका पोराला समोर बसवते, सहा ठोकळे देते, म्हणते, रच एकावर एक. तो ढिम्म. मी 'नाही'वर खूण करते. तुम्ही माझ्या हातातून पेन काढून घेता. "परीक्षा घेतेस का त्याची? आधी त्याला बघ." बघितलं तर तो ठोकळे जमिनीवर ओळीने मांडत होता, एका ठिकाणी बोटभर फट ठेवत होता आणि तोंडाने पाणी सोडल्याचा आवाज काढत होता. "बांध घालतोय तो," तुम्ही म्हणालात. "आजोबाबरोबर रोज शेतावर जातो. त्यानं मनोरा कधी बघितलाय गं? पाणी कुठनं सोडायचं ते त्याला कळतं, आणि तू नाही म्हणून मोकळी!" मला रडू आलं होतं. पण घरी जाताना वाटलं, ही बाई माझ्या पोरीला शिकवणार, माझं नशीब केवढं.

कपाळ माझं.

एसटीचा खेळ आठवतो? पोरं एकामागे एक बसायची, पुढचा डायव्हर, हातात टोपाचं झाकण. मागे कंडक्टर, त्याच्याकडे आपली पितळी घंटी. दोनदा वाजली की गाडी सुटायची, एकदा वाजली की थांबायची. माझी पोर नेहमी मधे बसायची. पुढच्याचा सदरा हलला की ही हलायची, थांबला की थांबायची, जराशी उशिरा. एके दिवशी तुम्ही तिला डायव्हर केलंत. मी दारात उभी, हाताला राख लागलेली. कंडक्टरने दोनदा घंटी वाजवली. गाडी सुटेना. परत वाजवली. पोरं ओरडायला लागली, "गाडी सोड, ए डायव्हर, गाडी सोड!" आणि माझी बया पुढे झाकण फिरवतेय, आपल्याच नादात, चेहऱ्यावर असं हसू. सगळी पोरं हसली. मीही हसले. तुम्ही हसला नाहीत. तुमच्या हातातला वाल तसाच राहिला होता, हे मला इतक्या वर्षांनी आठवावं?

दुसऱ्या दिवशी तुम्ही घरून लाकडी पाट घेऊन आलात. बाकीची पोरं सतरंजीवर, माझी पोर पाटावर, तुमच्या अगदी समोर. गाणं असो, गोष्ट असो, तिची जागा तीच. मला वाटलं, मदतनिसाची पोर म्हणून मान दिलात. मी घरी जाऊन सांगितलं, तर सासूबाईंनी शेजारच्या चार घरांत सांगितलं, "आमच्या नातीला बाई पाटावर बसवतात." त्यांच्या तोंडून माझ्या पोरीचं कौतुक मी पहिल्यांदा ऐकलं होतं. न्हावा शेव्याला नवरा ट्रेलर चालवायचा, पंधरवड्याने यायचा, त्यालाही फोन करून सांगितलं. तुम्ही तिला हाक मारायच्या ऐवजी पाटाच्या कडेवर बोटाचं पेर आपटायचात, पाट हादरायचा आणि ती झटकन वर बघायची. तुम्ही गोष्ट सांगताना तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायचात. मी बघत होते हो! समोर बघत होते. आणि मला काय वाटायचं, तर बाईंचा जीव आहे पोरीवर.

ती बोलत नव्हती, त्याला घरात उत्तर तयार होतं. "तिचा बाप तरी कुठं बोलत होता चार वर्षांचा होईतो? आमच्यात उशीरच लागतो." जिभेला मध लावून झाला, हरिहरेश्वराला नवस बोलून झाला. मी तुम्हाला दहादा विचारलं असेल, बाई, ही बोलेल ना? तुम्ही म्हणायचात, "बोलंल. तिच्यासमोर बसून बोलत जा, तोंड दिसू दे." यापेक्षा जास्त एक शब्द नाही.

आणि तो कालथा. ते मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही. अंगणात खेळत होती, मी घरातून हाका मारून मारून थकले, वळूनसुद्धा बघेना. माझा पारा चढला. हातात कालथा होता, तोच पोटरीवर हाणला. दुसऱ्या दिवशी तुम्ही वळ बघितलात. "कोणी मारलं?" "मी. दहा हाका मारल्या, तिला म्हणून पर्वा न्हाय." तेव्हा तरी बोलायचं होतंत! दाराची कडी लावायची, माझ्या दोन थोबाडीत द्यायच्या आणि सांगायचं, तिला तुझी हाक पोचत नाही गं भवाने. तुम्ही काय केलंत? वळावर खोबरेल लावलंत, आणि मला म्हणालात, "मारू नको. जवळ जाऊन हात लाव तिला." मी परत मारलं, बाई. दोनदा. कारण मला कोणी सांगितलं नव्हतं.

पहिलीच्या गुरुजींनी पंधरा दिवसांत ओळखलं. म्हसळ्याच्या दवाखान्यातून मुंबईला पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागद बघता बघता विचारलं, अंगणवाडीत जात होती ना, तिथे कोणाच्या लक्षात आलं नाही? मी म्हटलं, मी तिथेच कामाला आहे. तीन वर्षांची असताना कानाला मशीन लागलं असतं तर बोलणं पुष्कळ वेगळं झालं असतं, एवढंच म्हणाल्या. परत आल्यावर मी तशीच तुमच्या घरी आले, तुमच्या पायाशी बसून रडले. तुम्ही वाल सोलत होतात. माझ्या पाठीवरून हात फिरवलात आणि खाली बघत राहिलात. मला वाटलं, बाईंना किती वाईट वाटलंय. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. मी तीन दिवस जेवले नव्हते तुमच्यासाठी!

आता पोरगी एकोणीस वर्षांची आहे. शिवण शिकली, ब्लाउज असा बेतते की माप चुकायचं नाव नाही. पण "आई" म्हणते ते मला कळतं, परक्या माणसाला नाही. बाजारात ती मला हाक मारते तेव्हा माणसं वळून बघतात, म्हणून हल्ली ती हाक मारत नाही. माझ्या खांद्याला हात लावते.

हे सगळं मला कळलं आठ दिवसांपूर्वी. माझी मदतनीस मला म्हणाली, "ताई, त्या नव्या पोरीला रोज पाटावर का बसवता?" तुमचाच पाट, कपाटामागे पडून होता. मी वाल सोलता सोलता सहज बोलून गेले, "तिला माझं तोंड दिसलं पायजे म्हणून." बोलले आणि माझ्या हातातला वाल तसाच राहिला. ती पोर अडीच वर्षांची. खेळताना मागून झाकण पडलं तर सगळी दचकतात, ही दचकत नाही. दुसऱ्या पोरांकडे बघते आणि मग वळते. मी कधी पाट काढला, कधी पुसला, कधी मांडला, मला काही आठवत नाही. तुमच्यामुळे हाताला वळण पडलंय. त्या दिवशी मी पाट भिंतीवर फेकून मारला. कोपरा तुटला त्याचा.

तुम्ही गप्प का बसलात तेही मला माहीत आहे, तुम्हीच एकदा सांगितलं होतंत. पलीकडच्या वाडीतल्या एका आईला तुम्ही खरं सांगितलं, तर सासरच्यांनी तिला लेकरासकट माहेरी धाडलं, आणि नवऱ्याने दुसरी आणली. "तवापासून मी बघते, बोलत न्हाय," तुम्ही म्हणाला होतात. "झाकली मूठ बरी." माझी सासू कशी होती तुम्हाला ठाऊक होतं. माझा संसार मोडू नये म्हणून तुम्ही मूग गिळून बसलात. पण मला विचारायचं तरी! संसार माझा होता, पोर माझी होती. गेले असते माहेरी. कानाला मशीन लावलेली पोर घेऊन गेले असते.

गेले असते, असं मी आज म्हणतेय.

आज दुपारी त्या नव्या पोरीची आई तिला न्यायला आली. बाहेरगावची सून आहे, बावीसची असेल नसेल. म्हणाली, "ताई, बरी खेळते ना माझी?" मी म्हटलं, छान खेळते. मग ती जराशी लाजून म्हणाली, "तुम्ही तिला पाट दिलाय ना, आमच्या सासूबाई लई खूश हायत." आणि हसली. मीही हसले, बाई. पोर तिच्या कडेवरून माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

आता पाच वाजत आलेत. त्यांचं घर देवळाच्या पलीकडे आहे, चालत दहा मिनिटं लागत नाहीत. मदतनीस कधीच गेली, किल्ली माझ्या मुठीत आहे, आणि मी हजेरीच्या वहीची मागची पानं भरत तासभर इथेच बसलेय. ही पानं मी फाडणारच आहे. खरं सांगते, तिकडे जायला लागू नये म्हणून लिहायला घेतलं होतं.