ताईचा वाफा

३ मार्च
आलो एकदाचे! ट्रकवाल्याने कपाट दारात अडकवलं, तर ताई खुर्चीत बसल्या बसल्या त्याला अशा सूचना देत होती, जणू जन्मभर तिने कपाटंच हलवली. तो बिचारा घामाघूम होऊन तिला 'आजी' म्हणाला आणि ताई जी चिडली! बरं वाटलं. चिडायला लागली म्हणजे तब्येत सुधारते आहे.

घर छोटंच, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मी भुलले ते मागच्या अंगणाला. तिन्ही बाजूंनी भिंत, दुपारपर्यंत स्वच्छ ऊन, कोपऱ्यात नळ. आणि नवी नोकरी चालत जाण्याच्या अंतरावर. दातांच्या दवाखान्यात कवळ्या बनवण्याचं माझं काम सगळीकडे सारखंच, तोंडं तेवढी बदलतात.

आई गेली तेव्हा मी जेमतेम शाळेत जायला लागले होते. ताईने मला वाढवलं, त्यात तिचं स्वतःचं लग्न वगैरे राहूनच गेलं. आता आजारपणानंतर मी तिचं करते, तर तिला संकोच वाटतो. चिमणे, मी नुसती तुझ्या गळ्यात पडले आहे, असं म्हणते आणि भिंतीकडे तोंड करून झोपते. तिच्या हाताला काम हवं. म्हणून हे अंगण.

६ मार्च
आज सुट्टी सत्कारणी लागली. मी कुदळीने खणलं, ताईने ठोकळ्यावर बसून खुरप्याने ढेकळं फोडली. खरं तर फोडायला ढेकळं नव्हतीच. माती काळी, भुसभुशीत, चाळणीतून काढल्यासारखी. एक खडा नाही. गांडूळही नाही, याचं जरा नवल वाटलं. आणि सावलीतली मातीसुद्धा कोमट, अंथरुणातून कोणी नुकतंच उठून गेल्यासारखी.

कोथिंबिरीचे धणे ताईने तळव्याखाली रगडून दोन केले, भिजवलेले मटार बोटभर अंतरावर टोचले, कडेने मुळा. टोमॅटोची रोपं आणि पुदिन्याच्या काड्या शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी भिंतीवरून दिल्या. फार बोलक्या बाई. आधीच्या भाडेकरूने इथे असा भाजीपाला पिकवला होता, की सगळ्या गल्लीला पुरायचा, म्हणाल्या.

ताईचं एक नख मोडून मातीत पडलं. तिला पत्ताही नव्हता. आजारपणानंतर पहिल्यांदा ती शीळ घालत होती.

११ मार्च
सगळं उगवलं! मटार तर दोरीला धरून कमरेएवढा झाला. बाई म्हणाल्या, तुमच्या ताईंच्या हाताला गुण आहे. ताई इतकी लाजली, की मला हसू आवरेना.

सकाळी मी दवाखान्यात जायच्या आत ती अंगणात असते, परत येते तेव्हाही तिथेच. अनवाणी. मी रागावले तर म्हणते, मातीत पाय छान शेकतात.

१५ मार्च
पहिली कोथिंबीर! ताईने हाताने खुडली, धुतली आणि माझ्या ताटात ठेवली. वास ओळखीचा वाटला. कोथिंबिरीचा होताच, पण त्याच्या आत आणखी एक. लहानपणी ताप आला की ताईच्या पोटाशी झोपायचे, तो. मी एक घास घेतला आणि उगाच डोळे भरून आले. ती स्वतः खात नाही. भूक नाही म्हणते, मला खाताना बघत बसते.

माझा रोज ठणकणारा गुडघा या आठवड्यात एकदाही दुखला नाही.

१९ मार्च
ताईचे केस फार गळत आहेत. कंगव्यात मात्र केस नाहीत. उशीवर नाहीत, न्हाणीघरातही नाहीत. भांग रुंद होत चालला आहे आणि केस जातात कुठे कळत नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नवं गाव तुम्हाला भलतंच मानवलं. आरशात नीट पाहिलं. कानांपाशी पांढरे झालेले माझे केस मुळापासून काळे येत आहेत.

२० मार्च
मुळा उपटला. खाली तंतुमुळं असतात तशी होती, पण फार लांब. नळाखाली धुतली. करडी, मऊ, एकेक सुटी. मुळं नव्हती ती. केस होते.

ताईला दाखवले. तिने शांतपणे हातात घेतले, म्हणाली की अग, मातीत पडले असतील माझेच, काढून टाक आणि खा. मी नाही खाल्ला. तर तिचा चेहरा असा पडला, मी तिला घराबाहेर काढलं असतं तरी तसा पडला नसता.

शेवटी खाल्ला. गोड होता.

२२ मार्च
ताईला सक्तीने मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. वजन फार उतरलं आहे, रक्त मात्र ठीक. त्यांनी औषधं लिहून दिली. ताई सगळा वेळ ओठ घट्ट मिटून बसली होती, विचारलेल्याला मानेनेच उत्तर. परतताना रिक्षात तळमळत होती. घर आल्यावर चपला सोडून थेट अंगणात गेली आणि वाफ्यात पाय रोवून उभी राहिली. तेव्हा कुठे श्वास घेतला.

संध्याकाळी भिंतीवरून बाईंना आधीच्या भाडेकरूबद्दल विचारलं. नवरा-बायको होते. बायको सदा आजारी, खुर्चीवर बसून वाफे सांभाळायची. नवरा असा तुकतुकीत, म्हातारा आहे हे सांगून खरं वाटू नये. गेला तेव्हा एकटाच गेला. बायको वारली का, विचारलं. बाई जरा घुटमळल्या. म्हणाल्या, मयत काही कोणी पाहिली नाही. तो एवढंच म्हणायचा, ती इथेच आहे.

२३ मार्च
मटाराच्या शेंगा भरल्या. ओट्यापाशी सोलायला बसले. पहिली शेंग उघडली.

आत दाणे नव्हते. दात होते.

हयात दात हाताळण्यात गेली, मला भिंग लागत नाही. खालच्या दाढा, सुळा. आणि वरचा पुढचा, कोपरा उडालेला. मला सायकल शिकवताना पडून ताईचा तो कोपरा उडाला होता.

तिच्याकडे गेले. तोंड उघड म्हटलं. नको म्हणून मान हलवली. मी लहान मुलाचा जबडा धरावा तसा धरला आणि —

हिरड्या. लहान बाळासारख्या. कुठे जखम नाही, रक्त नाही. बोबडं बोलून मलाच समजावत होती, की दुखत नाही ग चिमणे, अजिबात दुखत नाही, कधी नव्हे ते कोणाच्या तरी कामी येते आहे.

२४ मार्च
सगळं उपटून टाकायचं ठरवलं. टोमॅटोपासून सुरुवात केली. रोप ओढलं मात्र, आत ताई किंचाळली. धावत गेले. दंडावर लाल वळ, मुळाच्या फांदीसारखा. म्हटलं योगायोग. पुदिना ओढला. पुन्हा किंचाळी.

रोपं परत लावली. पाणी घातलं. ती शांत झाली.

गाव सोडायचं. घरमालकाला कळवलं, गाडीही ठरवली, परवा सकाळची.

२५ मार्च
ताईला उचलायला गेले तर उशीएवढी हलकी. मीच दिवसभर बांधाबांध केली. ती कॉटवरून पाहत होती. नजर अजून तीच — मी परीक्षेला जाताना असायची ती.

काही खाल्लं नाही मी. गुडघा ठणकतो आहे.

२६ मार्च
गाडी आली. कॉट रिकामी.

वाफ्यात तिचा गाऊन पसरलेला. बटणं लावलेलीच. बाह्या दोन्ही बाजूंना, नीट. उचलला. खालची माती कोमट. गरम.

हाताने खणलं. कोपरापर्यंत. काही नाही. मातीच.

गाडीवाला हॉर्न वाजवून गेला.

२७ मार्च
बाईंना सांगितलं. आत आल्या, वाफे पाहिले. म्हणाल्या, केवढं फोफावलंय हो! आणि ताईंना कुठे पाठवलंत? काय सांगू? इथेच आहे म्हटलं.

माझ्याच तोंडून ते — आणि बाई एक पाऊल मागे सरकल्या. पुन्हा आल्या नाहीत.

२९ मार्च
काही तोडायचं नाही, काही खायचं नाही. ठरलं होतं.

पण टोमॅटो पिकून गळाले, मातीवर फुटले. त्यांना बुरशी धरली. आणि कण्हणं सुरू झालं. अंगणभर. आजारपणात कण्हायची तसंच, मला ऐकू जाऊ नये म्हणून दातांखाली पदर धरून —

दात कुठे आहेत आता.

३० मार्च
सडताना तिला दुखतं. खाल्लं की थांबतं.

मुळे संपवले. कोथिंबीर देठांसकट. पुदिना. रडत रडत खाल्ला. भूकही होती. खोटं का लिहू — भूक होती.

शेंगांचं काय करू? त्या मी कशा —

१ एप्रिल
शेंगाही.

दवाखान्यातून माणूस आला, दार उघडलं नाही. काचेत मी दिसले. पंचविशीतली. गाल लाल.

२ एप्रिल
आता एकच राहिला. मधल्या वाफ्यात. कोबी. आम्ही कोबी लावलाच नव्हता. सकाळी मुठीएवढा होता, दुपारी घागरीएवढा. पानं घट्ट, एकावर एक, शिरा निळ्या. हात ठेवला तर शीर — उडते.

कापणार नाही. सुरी फेकली भिंतीपलीकडे.

३ एप्रिल
कडेची पानं पिवळी पडायला लागली. कण्हते आहे.

हातानेच सोडवते आहे. एक पान. खाल्लं. दुसरं. वही मांडीवर आहे — लिहीत राहिले तरच पुढचं पान काढवतं. आतली पानं पांढरी, पातळ — पापण्यांसारखी —

पापण्याच.

उघडल्या. मला पाहिलं. आणखी एक पान काढलं — नाक, ओठ — चेहरा केवढासा, पण तीच, ताईच — ओठ हलतायत. आवाज नाही. कान लावला अगदी जवळ. विचारते आहे —

जेवलीस का ग चिमणे, पोटभर जेव—