ऊन लागलं नव्हतं

मी, अरुंधती सुमंत पात्रीकर, वय ४६, धंदा फोटोंना चौकटी बसवण्याचा, राहणार महाल, नागपूर, कोणाच्या आग्रहाने किंवा धाकाने नव्हे, तर पूर्ण शुद्धीत, माझ्या मागे माझ्या मिळकतीचं आणि मुलीचं काय व्हावं ते लिहून ठेवते. बुद्धी शाबूत असल्याचा डॉ. प्रीती मेश्राम यांचा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहायला मी त्यांच्यामुळेच उरले आहे, तेव्हा त्यांच्याहून खरा दाखला मला कोण देणार?

१. घर. माझे पती कै. सुमंत यांनी ते माझ्या नावे केलं होतं. ते मुलगी नूपुर, वय १४, हिला मिळावं. धाकटे दीर पुष्करभाऊजी यांना (सवयीने अजून भाऊजीच लिहिते) ते बिल्डरला द्यायचं होतं, मी नाही म्हटलं. त्यांना घरात कसलाही हक्क नाही. उद्या कोणी म्हणू नये की वहिनीने आकसाने तोडलं, म्हणून कारण लिहिते.

गेल्या मे महिन्यात मला वरचेवर भोवळ येऊ लागली. नागपुरात मे महिन्यात कोणाला भोवळ आली की पुढचं कोणी विचारत नाही. ऊन लागलं म्हणतात, तळपायांना कांद्याचा रस चोळतात आणि पन्हं पाजतात. पन्हं भाऊजी करायचे. एवढी काळजी करणारा दीर मिळाला म्हणून मी शेजारीपाजारी कौतुक सांगायचे. पन्ह्यानंतर आणखी गळून जायचे, की पुन्हा पन्हं.

शेवटी दवाखान्यात नेलं. जीभ उचलत नव्हती, पण ऐकू सगळं येत होतं. डॉ. प्रीती इथल्याच, कुहीकडच्या, बोलणं घरचंच.

"ऊन लागलेल्याची नाडी पळते. ह्यांची तर बसून राहिली. बीपी पार खाली, तरी शुद्ध आहे. शुगर आहे का ह्यांले?"

"कधीच नव्हती," माझे थोरले भाऊ चंपतराव म्हणाले.

"मग आज एवढी काहून वाढली?"

"पन्ह्यात गूळ होता ना," भाऊजी म्हणाले.

"गुळानं साखर वाढते, भाऊ. नाडी काहून बसली ते सांगा."

रिपोर्टची वाट न पाहता त्यांनी शिरेतून कॅल्शियम सुरू केलं, रक्तदाब चढवायचं औषध लावलं. मग इन्सुलिन मागवलं, तसे चंपतराव उसळले. "शुगर नसलेल्या बाईले इन्सुलिन? मारता का तिले?"

"दादा, हिच्या हृदयाले साखर पाह्यजे, अन् ती आत शिरून नाही राहिली. इन्सुलिन तिले आत नेते. सोबत ग्लुकोज देऊन राहिली, दर थोड्या वेळानं साखर तपासतो. भांडाचं असन तर बाहेर भांडा."

मग त्यांनी विचारलं, "घरात बीपीच्या गोळ्या कोण घेते?"

मग माझ्या सासूबाई, गोपिकाबाई, बोलल्या. "माह्या हायेत, वं पोरी. गोळ्यांचा नवा पत्ता आणला का लगेच सरते. पुष्कर म्हणे, आई, तूच दुबार खातं, तुले आठवत नाही. मले खरंच वाटलं, डोकं गेलं आपलं." मग भाऊजींकडे बोट करून म्हणाल्या, "पन्हं यानंच केलं आजही." एवढं बोलून त्या भिंतीला टेकून खाली बसल्या.

माझ्या रक्तात तीच गोळी निघाली, घरच्या पन्ह्याच्या भांड्यातही. भाऊजी कारागृहात आहेत. खटल्याचा निकाल न्यायालय देईल, तो माझा विषय नाही.

२. दुकान भाड्याचं आहे, ते सोडावं. काच कापायचा हिरा कारागीर लहानू यांना द्यावा. माझाच हिरा मागून नेतात आणि "बोथट करून ठेवला, बाई" असा टोमणा वर मारतात. आता स्वतःचाच बोथट करावा.

३. डॉ. प्रीती यांना या कागदाने काहीच देत नाही. साक्षीदाराला काही देऊ नये, असं वकिलांनी सांगितलं. त्या दिवशीची माझी ईसीजीची पट्टी त्यांना शिकवायला हवी होती. ती मी सागवानी चौकटीत बसवून आधीच दिली आहे. नव्या डॉक्टरांना त्या पट्टी दाखवून म्हणतात, उन्हाळा आहे म्हणून नाडी मोजायची सोडू नका. माझ्या हातून इतक्या चौकटी गेल्या, पण एवढ्या कामाची दुसरी आठवत नाही.

४. बँकेतली ठेव नूपुरच्या शिक्षणाला. व्यवस्था चंपतराव यांनी पाहावी.

५. नूपुर सज्ञान होण्याआधी मी गेले, तर तिच्या पालक गोपिकाबाई असतील आणि त्या हयातभर याच घरात राहतील. चंपतराव यांना हे मान्य नाही. "ज्या बाईनं तो पोरगा वाढवला, तिच्याच हाती पोरगी देतं?" असं ते तोंडावर म्हणाले. मी खूप विचार केला. त्या दिवशी आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) गप्प राहिल्या असत्या, तर त्यांचा मुलगा वाचला असता. तो त्यांना एकच उरला आहे.

त्या दर महिन्याला कारागृहात जातात, डबा घेऊन. डबा आत घेत नाहीत, तरी नेतात. त्यांना कोणी अडवू नये, नूपुरनेही नाही. जाण्यायेण्याचा खर्च घरातून व्हावा.

हे कलम वाचून दाखवलं तेव्हा आई म्हणाल्या, "मले काहून देऊन राहिली वं पोरगी? मी त्याची माय आहो."

मी म्हटलं, "माहीत आहे. तरी तुम्ही बोललात."

वर लिहिलेलं वाचून, समजून, साक्षीदारांच्या देखत सही करते.

सही: अरुंधती सुमंत पात्रीकर

साक्षीदार:
१. डॉ. प्रीती आनंदराव मेश्राम
२. नत्थूजी बावणे, शेजारी

नागपूर, १२ नोव्हेंबर २०२४