तुळशीबाईंच्या घरापुढचे निरंक

लिहून ठेवणार : पितांबर लोटन पाटील, वय वर्षे ७४, सेवानिवृत्त पशुधन पर्यवेक्षक, राहणार प्रकाशा, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार.

हे मृत्युपत्र मी माझ्या राहत्या घराच्या ओसरीवर बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला वाचून माझी पत्नी सौ. प्रमिलाबाई हसली, तेही नमूद करतो. मला कोणी धाक घातलेला नाही की लालूच दाखवलेली नाही. छातीत पाणी झाल्यामुळे मी दोनदा दवाखान्यात राहून आलो. तिसऱ्यांदा परत येईनच असे नाही, म्हणून शुद्धीत असताना हे उरकतो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. प्रकाशा येथील घर, मागचा गोठा आणि नदीकडचे शेत प्रमिलाबाई हयात असेपर्यंत सर्वस्वी तिचे राहील. तिच्या पश्चात मुलगा हेमकांत आणि मुलगी चारुलता यांनी निम्मे निम्मे घ्यावे. गोठा मात्र पाडू नये. २००६ साली बर्ड फ्लूच्या कामावरून आल्यावर मी त्या गोठ्यात अठरा दिवस एकटा राहिलो. प्रमिलाबाई ताट मध्ये ठेवून मागे सरायची आणि दहा पावलांवर पाट टाकून बसायची. "तुम्ही तठेच बसा. मी आठे बसस. आते बोला," म्हणायची. लग्नाला तेव्हा अठ्ठावीस वर्षे झाली होती, पण इतके आम्ही त्याआधी कधी बोललो नव्हतो. पुढे करोनाच्या साथीत सगळे गाव अंतर ठेवायला शिकत होते, तेव्हा ही शेजारणींना ऐटीत सांगायची, "लोकेस्ले आते समजनं, माले कव्हयनं मालूम शे." सरकारने सांगितलेल्या दहा दिवसांचे मी अठरा का केले, हे तिला आजवर सांगितलेले नाही. ते कलम ५ मध्ये येईल. तिने रागावू नये.

कलम २. बँकेतल्या ठेवी प्रमिलाबाईच्या. कागद हिरव्या पिशवीत आहेत आणि पिशवी कुठे आहे हे तिलाच ठाऊक आहे, मला नाही.

कलम ३. लसीचा थर्मास, सुया उकळायचे भांडे आणि बैलांच्या खच्चीकरणाचा चिमटा माझा जुना सहकारी भिला दगा मोरे याला द्यावा. चिमटा आता कोणी वापरत नाही, पण भिला तो दाखवून नातवंडांना घाबरवील. जुनी मोटारसायकल हेमकांतची. तिला भंगारात घालू नये. त्या गाडीवरून मी एकदा एक तापलेले लेकरू नेले आहे.

कलम ४. शेजारी करणसिंग याने त्या साली मला 'कोंबडीमार' हे नाव ठेवले आणि ते गावात मुरले. चारुलताच्या लग्नात तिच्या सासरच्या माणसांनाही त्याने माझी ओळख त्याच नावाने करून दिली. मी वीस वर्षे हसून घेतले. मला ते दर वेळी लागत होते, हे त्याला आता कळू द्यावे. माझी आरामखुर्ची त्याला द्यावी. तसाही रोज संध्याकाळी तोच तीत बसतो, आणि मी दवाखान्यात होतो तेव्हा दोन्ही वेळा डबा घेऊन तोच आला होता.

कलम ५. हे कलम लिहायला मला चार दिवस लागले.

फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूर भागात कोंबड्यांना बर्ड फ्लू झाल्याचे निघाले. ठरवून दिलेल्या हद्दीतला प्रत्येक पक्षी मारायचा हुकूम आला. तो रोग पक्ष्याकडून माणसाच्या छातीत उतरू शकतो, म्हणून ती घाई होती, आणि ती बरोबरच होती. मी आणि भिला पांढरे पोशाख घालून घरोघर फिरायचो. मी यादी लिहायचो, आम्ही दोघे कोंबड्या पकडायचो, माना पिरगळायचो, आणि मागून गाडी येऊन पोती खड्ड्याकडे न्यायची.

चौथ्या दिवशी एका पाड्यावर तुळशीबाई गावित यांच्या घरी गेलो. त्यांचा मुलगा सुकराम आणि सून ऊसतोडीला गुजरातेत गेले होते. घरात तुळशीबाई आणि सहा वर्षांची नात, एवढ्या दोघीच. नात बांबूच्या पालथ्या डालग्यावर बसून होती. डालगे म्हणजे कोंबड्या झाकायची मोठी टोपली. मी विचारले, कोंबड्या किती? तुळशीबाईंनी नाही म्हणून मान हलवली. तेवढ्यात पोरीच्या खालून आवाज आला. आमचे साहेब दारात उभे होते. भिलाने मोठ्याने खोकला काढला. त्या दिवसांत खोकला ऐकला की माणूस मागे सरायचा, तसे साहेब अंगणाच्या पार टोकाला गेले.

तुळशीबाई बाजारात शिकलेल्या अहिराणीत हळूच म्हणाल्या, "हाऊ देवले बोलेल शे, साहेब. हाई पोर वाचनी म्हनीसन."

पोर तान्ही असताना मरता मरता जगली होती. त्यासाठी देवाला कबूल केलेला तो एक कोंबडा होता. तो खड्ड्यात गेला असता तर नवस फिटला नसता, आणि पोरीकडे बघताना तुळशीबाईंच्या मनात कायम भीती राहिली असती. माझ्या पोशाखाला तीन दिवसांची पिसे चिकटली होती. पोर माझ्याकडे अजिबात न हलता बघत होती. मी यादीत तुळशीबाईंच्या नावापुढे 'निरंक' लिहिले. म्हणजे या घरात एकही पक्षी नाही.

दुसऱ्या दिवसापासून शेळ्या तपासायचे निमित्त काढून मी रोज त्या पाड्यावर जाऊ लागलो. दारातूनच विचारायचो, कोणाला ताप? कोणाला खोकला? चौथ्या दिवशी पोर तापाने फणफणली होती आणि खोकत होती. तुळशीबाईंना मागे बसवून, पोरीला दोघांच्या मध्ये घेऊन मी गाडी आरोग्य केंद्रात नेली. ज्यांच्या घरी पक्षी होते त्यांचे घशाचे नमुने तपासायला जात होते. डॉक्टरांनी विचारले, "घरात कोंबड्या होत्या?" तुळशीबाईंनी माझ्याकडे पाहिले. डॉक्टरांच्या हातात माझीच यादी होती. मी म्हणालो, "नव्हत्या, साहेब."

पोरीचा नमुना घेतला गेला नाही. साध्या तापाचे औषध मिळाले. यादीत निरंक लिहिले तेव्हा मला माया आली होती. डॉक्टरांपुढे मात्र मी नोकरीला घाबरलो. ती सहा वर्षांची होती आणि तिला श्वास लागला होता, तरी मी घाबरलो. गोठ्यातले आठ दिवस मी त्यामुळे वाढवले, कारण तिला ते असेल तर आता मलाही असेल आणि ते मी घरात नेणार नव्हतो. पोर आठवड्याने उठून खेळायला लागली. मला काहीच झाले नाही. पुढच्या वर्षी नवस फिटला तेव्हा तुळशीबाईंनी मला जेवायला बोलावले. मी जेवलो, आणि नंतर गाडी वाटेत उभी करून बराच वेळ रडलो.

ती पोर म्हणजे रविना सुकराम गावित. रविना आज पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत आहे. पक्ष्यांकडून माणसाच्या श्वासात येणारे नवे रोग कसे पसरतात, याचा ती अभ्यास करते. तीन वर्षांपूर्वी ती माझे घर शोधत आली. ज्या घरांत पक्षी होते आणि ज्या घरांत नव्हते, तिथल्या माणसांना तेव्हापासून आजवर काय आजार झाले हे ती ताडून बघते आहे, आणि त्यासाठी तिला जुन्या याद्या हव्या होत्या. माझ्या पत्र्याच्या पेटीत कार्बन लावून काढलेल्या सगळ्या प्रती होत्या. चार लोकांसमोर ती म्हणाली, "पाटील काकांच्या याद्यांइतक्या नीट याद्या मी कुठेच पाहिल्या नाहीत." मी पाणी आणायला म्हणून आत गेलो आणि लवकर बाहेर आलो नाही. त्यानंतर ती दर दोन महिन्यांनी येते, प्रमिलाबाईच्या हातची कळण्याची भाकर खाते, आणि मी दर वेळी सांगायचे ठरवून सांगत नाही.

पुढच्या महिन्यात तिचा प्रबंध सादर होणार आहे. तो माझ्या याद्यांवर उभा आहे आणि माझ्या यादीत तिच्याच घराची ओळ खोटी आहे. म्हणून लिहून देतो की तुळशीबाई गावित यांच्या घरी एक कोंबडा होता. याद्यांची पेटी रविनाच्या संस्थेला द्यावी, आणि या कलमाची नक्कल पेटीत सर्वांत वर ठेवावी.

कलम ६. त्या कामातल्या अचूक याद्यांबद्दल माझा सत्कार झाला होता. त्यातली शाल मी एकदाही अंगावर घेतली नाही. ती तुळशीबाईंना द्यावी. त्यांना थंडी फार वाजते.

कलम ७. साक्षीदार म्हणून मी भिला मोरे आणि रविना गावित यांना आज रविवारी बोलावले आहे. साक्षीदाराच्या पदरात काही टाकू नये असे वकिलांनी बजावले, म्हणून रविनाच्या नावे मी काहीच ठेवलेले नाही. भिलाच्या आणि करणसिंगच्या वाट्याच्या वस्तू मोडीतल्या आहेत, त्यांवर कोणी भांडायला येणार नाही, असे वकीलच म्हणाले. साक्षीदाराने मृत्युपत्र वाचायची गरज नसते, माझी सही होताना पाहिली की पुरते, असेही वकील म्हणाले. तरी रविनाने हे पहिल्यापासून वाचल्याशिवाय सही करू नये. मेल्यावर कळवणे मला सोपे होते, पण तोवर तिचा प्रबंध गेला असता. वाचून तिला सही करावीशी वाटली नाही तर तिला कोणी काही बोलू नये. चहा देऊन बसस्टँडवर सोडावे. साक्षीदार म्हणून करणसिंग मिळेल.

कलम ८. माझा अंत्यविधी नदीवर साधा करावा. मी खोकत खोकत गेलो तर डॉक्टरांनी कारण नीट शोधावे, नमुना घ्यावा, आणि डॉक्टर विचारतील त्या सगळ्याची घरच्यांनी खरी उत्तरे द्यावीत.

ठिकाण : प्रकाशा. दिनांक : ११ जानेवारी २०२६.

(सही) पितांबर लोटन पाटील

साक्षीदार १. पाटील साहेबांनी माझ्यासमोर सही केली. डालग्याखालचा आवाज मीही ऐकला होता. माझा खोकला खोटा होता. वीस वर्षे मी यांना सांगत आलो, "सांगी टाका साहेब, हलकं वाटी."
(सही) भिला दगा मोरे

साक्षीदार २. काकांनी माझ्यासमोर सही केली. मी सगळे कागद पहिल्यापासून वाचले. इथे जागा आहे आणि काकांची परवानगी आहे, म्हणून लिहिते.

प्रबंधातून आमचे घर मी पहिल्याच वर्षी वगळले आहे. कारणाच्या रकान्यात 'नोंद चुकीची असल्याचे संशोधकाला स्वतः ठाऊक' असे लिहिले आहे. कोणी विचारले असते तर सांगितले असते. काका आधी बोलतील, म्हणून मी थांबले होते. बाकीच्या ओळी मी घरोघर जाऊन तपासल्या, त्या सगळ्या खऱ्या निघाल्या.

माझे रक्त मी तपासून घेतले आहे. त्यात त्या रोगाची खूण नाही. इतक्या वर्षांनी खूण नसणे म्हणजे तेव्हा तो नव्हताच असे म्हणता येत नाही, हे मला लिहावे लागेल. पण त्या गाडीवर काकांनी त्यांचा कोट काढून मला गुंडाळले होते आणि ते स्वतः कुडकुडत होते, हे त्यांनी वर लिहिलेले नाही. ते मला आठवते.

दुरुस्ती : कलम ५ मध्ये 'एक कोंबडा' असे आहे, तेथे 'एक कोंबडा व एक कोंबडी' असे वाचावे. कोंबडीचे आजीलाही ठाऊक नव्हते. मीच तिला आजीच्या नकळत डालग्याखाली घातले होते. त्याआधी चार दिवस मी तिला गोधडीत घेऊन झोपत होते. ती माझी होती.
(सही) रविना सुकराम गावित

दुरुस्ती मान्य.
(सही) पि. लो. पाटील