रिकामं सेव्ह

३ मार्च
ऑफिसच्या सर्व्हरची डिस्क पुन्हा भरत आली. आमची फाइल सिस्टिम कॉपी-ऑन-राइट. जुन्या ब्लॉकवर, म्हणजे डिस्कवरच्या भरलेल्या कप्प्यावर, लिहायचं नाही, एक अक्षर बदललं तरी नवा ब्लॉक घ्यायचा. ठीक. पण काहीही न बदलता नुसतं सेव्ह दाबलं तरी नवा ब्लॉक? शुद्ध उधळपट्टी. साहेबांना म्हटलं, नवी डिस्क मागवू नका, मी कोडमध्येच थांबवतो. ते म्हणाले, जमलं तर टीम लीड तुम्ही, नाहीतर सपोर्टचे फोन घ्या. जमणारच आहे.

५ मार्च
उपाय सोपा. लिहिण्याआधी जुना मजकूर ताडून बघायचा, तोच असेल तर लिहायचंच नाही. बायकोला समजावलं. ती म्हणाली, मग न घातलेले शर्ट धुवायला का टाकतोस? तिला विषय कळला नाही.

६ मार्च
कोड चालला! आता साहेबांना बचत दिसायला हवी. म्हणून लॉग, म्हणजे नोंदवही, ठेवला. वाचवलेल्या प्रत्येक ब्लॉकमागे एक ओळ, लगेच डिस्कवर.

९ मार्च
डिस्क दुप्पट वेगाने भरतेय. डोकं उठलंय. डिझाइनवाल्यांना सारखं सेव्ह दाबायची खोड. जाऊन झापलं. त्यांच्या प्रमुख बाई म्हणाल्या, आता जागा जात नाही असं तुम्हीच सांगितलंत ना?

१० मार्च
चोर सापडलाच पाहिजे. लॉग आणखी सविस्तर केला.

११ मार्च, दुपार
डेमो. सगळ्यांसमोर फाइल सेव्ह केली. स्क्रीनवर आलं, जागा शिल्लक नाही. आमच्या टीममधल्या टेस्टरने विचारलं, लॉग कुठे लिहितोस? त्याच डिस्कवर. एक ब्लॉक वाचवला हे लिहायला दरवेळी नवा ब्लॉक. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. लॉग पुसायला गेलो, तर पुसायलाही नवा ब्लॉक लागतो, आणि तो नाही. शेवटी नवी डिस्क आणून जोडली, तेव्हा कुठे टेस्टरने लॉग पुसला.

१६ मार्च
माझा कोड तसाच आहे, फक्त लॉग काढलाय. डिस्क शांत. टीम लीड झाला टेस्टर, मी सपोर्टच्या फोनवर. वाईट वाटतं, फार. आज तो सपोर्टच्या खोलीत आला होता. म्हणाला, कल्पना तुझीच, हे मी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, त्याने किती ब्लॉक वाचवले ते दाखव. दाखवायला काही उरलेलं नाही. तेवढ्यात फोन वाजला, तो उचलला.