बोलक्या यंत्राची वारसदार

मी, खाली अंगठा उठवणारी, खुर्च्यांना वेत विणणारी बाई, वय अडुसष्ट, जन्मापासून आंधळी पण डोकं ठिकाणावर असलेली, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र सांगते आहे. वकीलबाई लिहून घेताहेत. तब्येत ठणठणीत आहे, तेव्हा कोणी घाई करू नये.

१. वेत, टोचे व बसायचं स्टूल माझ्या हाताखालच्या कारागिणीला. तिची वीण माझ्याहून सरस आहे. हे तिला मी गेल्यावरच सांगावं.

२. समोरचे मास्तर न विचारता माझा दंड धरून मला रस्ता ओलांडायला लावतात, मला पलीकडे जायचं नसलं तरी! त्यांना माझी जुनी पांढरी काठी. हात गुंतलेले राहतील.

३. उपग्रहावरून वाट सांगणारं माझं बोलकं यंत्र भाचीला. सदर यंत्रात माझ्या आवाजात खुणा भरल्या आहेत: "इथे उघडं गटार, डावीकडून चल", "हा कुत्रा नुसता भुंकतो". घड्याळवाल्याच्या दारात ते "औषधांचं दुकान आलं" म्हणतं. ती चूक कोणी दुरुस्त करू नये. पंचावन्नाव्या वर्षी त्या चुकीपायी मी तिथे खोकल्याचं औषध मागितलं आणि मला नवरा मिळाला. फार गोड माणूस होता.

४. राहतं घरही भाचीला. पोरीची नजर गेली, तेव्हापासून माझ्या धाकट्या बहिणीने लेकीला एकटीला उंबऱ्याबाहेर सोडलेलं नाही. "ताई, पडली तर?" अगं, पडली तर उठेल! म्हणून अट: भाचीने एकटीने माझ्या दारापर्यंत चालत यावं. तोवर घर तिच्या नावे होणार नाही. यंत्र महिन्यापूर्वीच तिच्याकडे दिलं आहे.

५. बँकेतील शिल्लक

थांबा, वकीलबाई. दारात भाची आली आहे! धापा टाकते आहे, हसू आवरत नाहीये. एकटी आली. म्हणजे जवळजवळ एकटी. फाटकाबाहेर धाकटीच्या चपला वाजल्या.

"ये गं आत, लपतेस काय?" म्हटलं.

"ताई, मी लांबूनच होते. हातसुद्धा लावला नाही," म्हणत ती रडायलाच लागली. मीही रडले, आनंदाने.

भाची म्हणाली, "मावशी, आई मागून येतेय हे मला केव्हाच कळलं होतं. दम लागला की आई मागे पडायची. मग मी थांबायचे."

सबब कलम चारमधील अट पुरी झाली, ती खोडावी. शिलकीचं उद्या बघू.

मजकूर मोठ्याने वाचून दाखवला, मान्य आहे.

अंगठा: वेत विणणारी
साक्षीदार: शेजारचे शिंपी, कोपऱ्यावरची फुलवाली
ठिकाण: माझा व्हरांडा
दिनांक: वकीलबाई घालतील. माझ्यापुरता, भाची चालत आली तो मंगळवार.