दोन्हीकडे साहेब नाही

६ ऑक्टो.
तिसरी बैठक, तरी यंत्राची उंची ठरली नाही. आमच्या सिन्नरच्या वर्कशॉपात आम्ही नऊ जण, मालक कोणी नाही. नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, मळणीचं यंत्र पेठकडच्या बायकांच्या गटाला हवंय. त्यांच्यातही अध्यक्ष नाही. यमुनाबाईंना फोनवर म्हटलं, "तुम्ही हो म्हणा, पुरे."
"मी एकली कशी सांगू? सगळ्या बसू, मंग सांगू."
म्हणजे आणखी एक आठवडा गेला.

११ ऑक्टो.
निरोप नाही. फोन लागत नाही. तिकडे नागली कापणीला आली असेल. कंपनीत सुपरवायझर होतो तेव्हा असली कामं एका वाक्यात उरकायचो. आता पाना मागितला तरी दत्तूचं मत ऐकून घ्यावं लागतं. (इतकं काही नाही. पण आज डोकं फिरलंय.)

१४ ऑक्टो.
कंबरेएवढी उंची धरली, पाय वेल्ड करून टाकले. बोल्ट आवळायला घेताना रेखानं विचारलं, "पेठचा होकार आला?"
हो म्हणालो.

१८ ऑक्टो.
यंत्र टेम्पोनं रवाना. सुटलो.

२१ ऑक्टो.
यमुनाबाईंचा फोन. यंत्र झकास चालतं. पण गटातल्या हौसाबाईंना उभं राहता येत नाही, लहानपणापासून पाय अधू. मला हे माहीतच नव्हतं. विचारलं कुठे होतं...
"मशीन पयलं तिनंच मागितलं व्हतं. तीच बाजूला बसली हाय. मंग आमी पण कोणी चालवत नाय."
सगळ्या पुन्हा नागली काठीनं झोडपताहेत.

२२ ऑक्टो.
बैठकीत खोटं कबूल केलं. रेखा तापेल वाटलं होतं. ती नुसतं म्हणाली, "मी तुझ्या भरवशावर बोल्ट आवळले." ते जास्त लागलं.
यंत्राचे पाय कापायला मी आणि दत्तूनं जायचं ठरलं. एवढं ठरवायला पावणेदोन तास!

२५ ऑक्टो. पेठ.
कटर काढला तोच यमुनाबाई म्हणाल्या, "थांबा. किती कापायचं ते हौसा सांगंल."
हौसाबाई खळ्यात बसून नागली झोडपत होत्या. मान वर केली नाही. मी माफी मागितली.
यमुनाबाई म्हणाल्या, "सगळ्यांसमोर बोला. बाया रानातून येतील सांजच्याला."
म्हणजे इथेही बैठक. कटर पिशवीत टाकला. दत्तू चहा पीत बसलाय. मला बसवेना. हौसाबाईंजवळ जाऊन झोडपायला काठी मागितली.
अजून दिलेली नाही.